दम आधी येतो, नडगी मागून : शून्यापासून अर्धा तास धावण्यापर्यंत

आमच्या नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर दर जानेवारीत नवी माणसं दिसायला लागतात. कोरे बूट, कानात इअरफोन. पहिली फेरी तर अशी मारतात की पुढची गाडी सुटतेय. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर कमरेवर हात येतात. तरी नेटाने महिनाभर येतात आणि फेब्रुवारी संपता संपता त्यातली निम्मी दिसेनाशी होतात. लोक म्हणतात, आळस. मला ते पटत नाही. आळशी माणूस थंडीत सकाळी सहाला घराबाहेर पडतच नाही. ही माणसं जातात ती बहुतेक वेळा पाय दुखतो म्हणून.

मीही अशीच गेले होते. वय ४१, त्याआधीचं शेवटचं धावणं शाळेतल्या लंगडी-खोखोचं. पहिल्या आठवड्यात एका मिनिटात जीव घशाशी यायचा. तिसऱ्या आठवड्यात सलग दहा मिनिटं जमली तेव्हा मला वाटलं, झालं, आता आपण धावपटू. मग रोज धावले. पाचव्या आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूने असा ठणका सुरू झाला की जिना उतरताना कठडा धरावा लागे. सहा आठवडे बंद. दुसऱ्यांदा सुरुवात केली ती या लेखात सांगणार आहे त्या रीतीने.

झालं होतं ते सोपं आहे. धावायला लागलं की रक्तातल्या द्रवाचं प्रमाण काही दिवसांतच वाढू लागतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत दम सुधारल्याचं जाणवतं. स्नायूही बऱ्यापैकी लवकर तयार होतात. पण स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे आणि खुद्द हाड यांचा कारभार सरकारी कचेरीसारखा, महिन्यांच्या हिशोबाने चालतो. त्यात हाडाची एक खोड आहे. नवा भार आला की ते आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवा, मजबूत भाग भरतं. म्हणजे मधले काही आठवडे ते पूर्वीपेक्षा थोडं कच्चंच असतं. नेमक्या त्याच आठवड्यांत दम सुधारलेला असतो आणि आपल्याला वाटतं, वाढवूया.

म्हणून हा सगळा कार्यक्रम तुमच्या दमाच्या नाही, नडगीच्या वेगाने आखलेला आहे. मध्ये मध्ये तो तुम्हाला फार सोपा वाटेल. तसाच वाटायला हवा.

सुरू करण्याआधी

छातीत कधी दुखलेलं असेल, चालताना चक्कर येत असेल, बीपी किंवा साखरेची गोळी चालू असेल, जवळच्या नात्यात कुणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. चाळिशी ओलांडलेल्या आणि वर्षानुवर्षं बैठं काम करणाऱ्यांनीही भेटावं. गरोदर असाल किंवा बाळंतपणाला वर्ष झालं नसेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नका.

दुसरी चाचणी घरची. अर्धा तास भरभर, न थांबता चालता येतं का? येत नसेल तर पहिले तीन-चार आठवडे फक्त चाला, आठवड्यातून पाच दिवस. यात कमीपणा नाही. माझ्यापेक्षा जास्त वजन असलेल्या एका मैत्रिणीने दोन महिने नुसतं चालून मग पहिलं मिनिट धावलं आणि तिची नडगी एकदाही दुखली नाही.

बूट मात्र धावण्याचेच घ्या. कॉलेजात वापरलेले, कपाटाच्या तळाशी पडलेले जुने बूट नकोत, कारण तळव्याचा फोम वापरल्याशिवायही म्हातारा होतो. खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. जे मोजे घालून धावणार तेच घालून जा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहायला हवी, म्हणजे नेहमीच्या चपलेपेक्षा अर्धा-एक नंबर मोठा. दुकानातच दहा पावलं धावून बघा, लाजू नका. महागडा बूट म्हणजे चांगला बूट असं काही नाही. पायाला पहिल्या मिनिटापासून बरा वाटतो तो चांगला.

बायकांसाठी बुटाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्पोर्ट्स ब्रा, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. नेहमीच्या ब्रावर धावलं तर छाती दुखते, खांद्यावर पट्टे रुततात आणि आपण दोष धावण्याला देतो. घेताना दुकानाच्या ट्रायल रूममध्ये जागच्या जागी उड्या मारून बघा. बाकी कपडे कुठलेही चालतील. सुती टी-शर्ट घामाने जड होऊन अंगाला घासतो एवढंच, म्हणून लवकर वाळणारं कापड बरं. मांड्या किंवा काखा सोलवटत असतील तर निघण्यापूर्वी पेट्रोलियम जेली लावा.

किती हळू?

नवशिक्याच्या नव्वद टक्के अडचणींचं उत्तर एकच आहे आणि ते ऐकायला कुणालाच आवडत नाही : वेग कमी करा. आणखी कमी करा.

माझी परीक्षा बाराच्या पाढ्याची. धावता धावता मोठ्याने म्हणा, बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस. तीन ओळी एका दमात, न तुटता म्हणता आल्या तर वेग बरोबर आहे. ‘बारा दुणे’ आणि ‘चोवीस’च्या मध्ये श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त झाला. पाढा येत नसेल तर तो वेगळा प्रश्न, मुलांसमोर तरी कबूल करू नका.

या वेगाला किलोमीटरला आठ ते नऊ मिनिटं लागू शकतात. झपाझप चालणारे आजोबा तुम्हाला मागे टाकून जातील. मला टाकून गेले आहेत, वर ‘चालू द्या, चालू द्या’ असंही म्हणाले आहेत. ट्रॅकवरची पोरं हसून ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणायची. हे नाव कविता राऊतचं, आमच्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची मुलगी, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलेली. टोमण्यात का होईना, तिचं नाव मिळालं म्हणून मी खूश होते. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं बाजूने सणसणीत निघून जातात तेव्हा तर मुळीच मनाला लावून घेऊ नका. त्यांना १,६०० मीटर घड्याळाविरुद्ध काढायचे असतात. तुम्हाला बारा आठवड्यांनीही धावत राहायचं आहे. ही दोन वेगळी कामं आहेत.

पावलं लहान टाका. पाय शरीराच्या पुढे लांब फेकला की टाच आधी आदळते आणि ब्रेक लागल्यासारखा सगळा धक्का नडगी-गुडघ्यात जातो. पाय जवळपास आपल्या खालीच पडला पाहिजे, आवाज कमीत कमी व्हायला हवा. धप्-धप् ऐकू येत असेल तर पावलं आणखी लहान आणि भरभर. हात कोपरात वाकवलेले, मुठी सैल, जणू हातात पापड आहे आणि तो मोडायचा नाही. श्वास नाकाने की तोंडाने यावर ट्रॅकवर तासन् तास वाद चालतात. दोन्हींनी घ्या.

बारा आठवडे

थोडं धावणं, थोडं चालणं, मग धावण्याचा वाटा वाढवत नेणं ही कल्पना माझी नाही. जेफ गॅलोवे हे अमेरिकन धावपटू, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले, सत्तरच्या दशकापासून चालण्याच्या विश्रांतीसह धावायला शिकवत आले. पुढे १९९६ मध्ये जॉश क्लार्क नावाच्या तरुणाने पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आईसाठी नऊ आठवड्यांचा आराखडा बनवला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने तो ॲपमधून घराघरात नेला. चांगला आराखडा आहे. माझी तक्रार एवढीच की पाचव्या आठवड्यात तो एकदम सलग २० मिनिटांवर उडी मारतो. दम पुरतो, पण आपण वर बोललो ती नडगी तेव्हा तयार नसते. म्हणून मी नऊचे बारा केले आणि मध्ये दोन आठवडे मुद्दाम वाढ ठेवली नाही.

आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. मंगळवार-गुरुवार-रविवार मला सोयीचे पडतात. दर वेळी आधी पाच मिनिटं भरभर चालणं आणि शेवटी पाच मिनिटं हळू चालणं. खाली लिहिलेली मिनिटं त्याच्या मधली.

पहिला आठवडा : १ मिनिट धावा, २ मिनिटं चाला. असं ८ वेळा.

दुसरा : दीड मिनिट धावा, २ चाला. ७ वेळा.

तिसरा : २ धावा, २ चाला. ६ वेळा.

चौथा : ३ धावा, २ चाला. ५ वेळा.

पाचवा : चौथ्यासारखाच. काहीही वाढवायचं नाही.

सहावा : ५ धावा, २ चाला. ४ वेळा.

सातवा : ८ धावा, २ चाला. ३ वेळा.

आठवा : १० धावा, २ चाला, १० धावा. एकूण धावणं सातव्यापेक्षा कमी आहे, ते तसंच हवं.

नववा : १५ धावा, २ चाला, १० धावा.

दहावा : सलग २०.

अकरावा : सलग २५.

बारावा : सलग ३०.

पाचव्या आठवड्यात तुमचे हात शिवशिवतील. सगळं सोपं झालेलं असेल, शेजारच्या कुणीतरी सांगितलेलं असेल की तो महिन्याभरात दहा किलोमीटर गेला. मला घरी बसवलं ते याच आठवड्याने. हिशोब करून पाहा : मिनिटाला साधारण १६० पावलं धरली तर पहिल्या आठवड्यातल्या एका दिवशी पाय जवळपास तेराशे वेळा जमिनीवर आदळतो, बाराव्यात ४,८०० वेळा, आणि धावताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो. ही वाढ पेलायला पायाला वेळ द्यावाच लागतो.

एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. गणपतीत, लग्नसराईत, मुलांच्या परीक्षेत एक आठवडा बुडाला तर मागच्या आठवड्यापासून सुरू करा, दोन बुडाले तर दोन मागे या. ताप येऊन गेला असेल तर अंगातला अशक्तपणा पूर्ण जाईपर्यंत फक्त चाला. डेंग्यूनंतर तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नकोच.

घड्याळ महागडं नको. मोबाइलमधला टायमर पुरे. मी सुरुवातीला तोही वापरला नाही, ट्रॅकच्या कडेची झाडं मोजायचे : दोन झाडं धाव, चार झाडं चाल.

दुखणं ओळखणं

मांडीत, पोटरीत दुसऱ्या दिवशी येणारा जडपणा हा पाहुणा आहे, दोन दिवसांत जातो. दोन्ही पायांत सारखा असतो, हललं की कमी होतो. त्याची चिंता नको.

नडगीचं दुखणं वेगळं. बसून नडगीच्या आतल्या कडेवरून बोट दाबत न्या. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात हुळहुळत असेल तर ते भाराचं दुखणं आहे. आठवडाभर धावणं बंद, चालून दुखत नसेल तर चालणं चालू, मग एक-दोन आठवडे मागे जाऊन पुन्हा सुरुवात. पण एका बोटाखाली मावेल अशा एकाच बिंदूवर कळ येत असेल, त्या पायावर एक उडी मारली तरी दुखत असेल, रात्री अंथरुणातही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तिथे तेल चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ‘चालवून घेऊ’ म्हणणाऱ्यांचे आठवड्यांचे महिने होतात.

धावताना दुखणं वाढत गेलं, किंवा लंगडत धावावं लागलं, तर तिथेच थांबायचं आणि चालत घरी यायचं. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाचेत खिळा टोचल्यासारखं होत असेल तर तेही दुर्लक्ष करण्यासारखं नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर धावणं तिथेच सोडा, सोबत कुणी असेल त्याला सांगा आणि थेट दवाखाना.

बरगडीखाली टोचतं त्याला घाबरू नका. वेग कमी करा, श्वास पूर्ण सोडा, दुखतं तिथे हाताने दाबा. बहुतेक वेळा पोटभर खाऊन दोन तास झालेले नसतात.

मोकळ्या दिवशी दहा मिनिटांचं घरकाम : पायरीच्या कडेवर उभं राहून चवड्यांवर उठणं, १५ वेळा, दोनदा. उठाबशा २०. आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं, अर्धा ब्रश डाव्या पायावर, अर्धा उजव्या. माझ्या सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, ‘अगं, कोण लागलंय तुझ्या मागे?’ आता बेसिनपाशी त्याही एका पायावर उभ्या राहतात. कठड्याला धरून, पण राहतात.

जागा, ऋतू आणि कुत्री

मातीचा ट्रॅक सगळ्यात चांगला, मग डांबर, मग काँक्रीट. पेव्हर ब्लॉकवर पाय लचकतो, शक्यतो टाळा. मुंबईत शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची फेरी जवळपास बाराशे मीटरची आहे, अंतर मोजायला झकास. पुण्यात टेकडीवर जाणारे बरेच असतात, पण पहिले बारा आठवडे चढ-उतार नकोत. चढाने दम जातो ते ठीक, उताराने गुडघे जातात. रस्त्यावरच धावावं लागलं तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने धावा, म्हणजे उजवीकडून, आणि इअरफोन एकाच कानात.

एप्रिल-मे महिन्यांत साडेसहाच्या आत आटपा. विदर्भ-मराठवाड्यात तेव्हाही हवा तापलेली असते, त्यामुळे वेग आणखी कमी आणि त्याची खंत नको. घाम भरपूर येत असेल तर घरी आल्यावर लिंबू-मीठ-साखरेचं सरबत पुरतं. पावसाळ्यात भीती पावसाची नसते, शेवाळाची असते. हिरवट दिसणाऱ्या प्रत्येक जागेवर चाला. ओल्या बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात तापवत ठेवलेत तर तळवा सुटतो. थंडीत आमच्या निफाडला तर पारा इतका उतरतो की दवाचा बर्फ होतो. अशा सकाळी आधीचं चालणं पाचऐवजी दहा मिनिटं करा.

कुत्रं मागे लागलं तर धावू नका. हे सांगायला सोपं आहे, मला माहीत आहे. पण पळालं की ते पळतंच. थांबा, तोंड त्याच्याकडे ठेवा, डोळ्यांत न बघता हळूहळू चालत मागे सरा. माझ्या गल्लीतल्या दोघांशी मी पारले बिस्किटाने तह केला आहे.

बायकांनी अंधारात एकटीने जाऊ नये हे सांगणं मला आवडत नाही, पण मीही उजाडल्यावरच जाते, जिथे चालणाऱ्यांची वर्दळ असते तिथे जाते आणि घरी कोणत्या ट्रॅकवर आहे ते सांगून निघते.

खाणं

सकाळी धावत असाल तर आदल्या रात्रीचं नीट जेवण पुरेसं आहे. अर्ध्या तासासाठी जेल, पावडर, एनर्जी ड्रिंक यातलं काही लागत नाही. रिकाम्या पोटी गळल्यासारखं होत असेल तर अर्धं केळं किंवा दोन खजूर. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी धावण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं आणि खिशात साखर ठेवावी. वजन या बारा आठवड्यांत फारसं हलणार नाही, कदाचित हलणारच नाही. धावून आल्यावर मिसळ हवीच असं वाटतं आणि आमच्या गावात ती टाळणं अवघड आहे.

तेराव्या आठवड्यात

सलग ३० मिनिटं म्हणजे पाच किलोमीटर, असं बऱ्याच ठिकाणी गृहीत धरलेलं असतं. पाढ्याच्या वेगाने तुमचे साडेतीन-पावणेचार किलोमीटर होतील. पाचसाठी साधारण चाळीस मिनिटं लागतात. तेरावा आठवडा हलका घ्या, २०-२० मिनिटांचे तीन दिवस. मग पुन्हा ३० मिनिटांवर या आणि तीन दिवसांपैकी फक्त रविवारचं धावणं आठवड्याला तीन मिनिटांनी वाढवा, बाकीचे दोन दिवस तसेच. चार आठवड्यांत बेचाळीस मिनिटं होतात.

मुंबई मॅरेथॉनसारख्या मोठ्या स्पर्धांत पूर्ण आणि अर्ध्या मॅरेथॉनशिवाय पाच-सहा किलोमीटरची हौसेची धावही असते, पहिल्यांदा तीच घ्या. गर्दीच्या जोशात पहिला किलोमीटर हमखास वेगात जातो, तेव्हा मोठ्याने पाढा म्हणा, आजूबाजूचे बघतील, बघू द्या. वेग वाढवायचा, चौथा दिवस वाढवायचा की अंतर वाढवायचं, या तिन्हींपैकी एका वेळी एकच, आणि एक वाढवल्यावर किमान तीन आठवडे दुसऱ्याला हात लावायचा नाही. बूट घेतल्याची तारीख आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला ते बसतात आणि नडगी पुन्हा कुरकुरायला लागली की पहिली ती तारीख बघायची असते.